‘उपाशी चांदणं’ लिहिणारी बाई

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा एवढा भाग गाळूनच बोलते. मग तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून, असं म्हणावं, तर या वेळी लिखाणाखाली माझं नाव असणार आहे. म्हणजे ओळखालच. बसा जरा. मला हे सरळ सांगता येणार नाही, वळणं घेत घेतच येईन.

मेहकरला एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. गावात मला मान आहे. भाजीवाली मेथीची जुडी निवडून देते, बसस्टँडवर जुने विद्यार्थी उठून जागा देतात, कुणाच्या घरी काही अडलं की ‘मॅडमला विचारा’ म्हणतात. हे सगळं मी खाली मान घालून घेत आले. लोकांना तो नम्रपणा वाटतो. मी वाटू दिला.

माझं माहेर संग्रामपूरचं. आमच्या गच्चीवरून सातपुडा दिसायचा, उन्हाळ्यात धुरकट, दिवाळीच्या सुमारास निळा. मी सतरा-अठरा वर्षांची असताना मला बघायला एक स्थळ आलं, आणि जाता जाता मुलाची आत्या म्हणाली, “पोरगी चांगली हाये, पण अंगानं जराशी भरून हाये.” एवढंच. मी पोह्यांच्या बशा उचलत होते. त्या दिवसापासून मी उपास धरायला लागले. आता तुम्ही म्हणाल, उपास तर सगळेच करतात. हो, तेच तर! आपल्याकडे मुलगी जेवली नाही तर आईच्या जिवाला घोर लागतो, पण मुलीनं ‘उपास आहे’ म्हटलं की तीच आई शेजारीपाजारी कौतुक सांगत सुटते. सोमवार झाला, मग शनिवार, मग चतुर्थी, मग नुसताच कुठलाही वार. मला कुणी अडवलं नाही. माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

आणि ते दिवस — काय सांगू? दुपारी गच्चीच्या सावलीत पडून राहायचं. डोंगर जवळ यायचा, लांब जायचा. खालून आईची हाक यायची ती पाण्याखालून आल्यासारखी. आपल्याला वजनच नाही, उन्हात आपण हळूहळू विरत चाललो आहोत, असं वाटायचं. ती चक्कर होती हो. साधी अशक्तपणाची चक्कर. पण मला तिच्यात चांदणं दिसलं, आणि मी एका वहीत तसंच लिहून ठेवलं.

पुढे लग्न झालं, नोकरी लागली, आणि मी जेवायला लागले. काही न ठरवता, हळूहळू. माझं नशीब म्हणायचं. लिहिणं मात्र सुटलं नाही. घरात नेट आलं तेव्हा कॉलेजातून परतल्यावर, नवरा बँकेतून यायच्या आधीच्या दोन तासांत, मी एक साइट काढली. तिचं नाव ‘उपाशी चांदणं’. लिहिणारीचं नाव नाही, गाव नाही. नुसतं ‘ताई’.

इथे थांबून एक गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढे जायचा मला हक्क नाही. मी जेवून लिहायचे. पिठलं-भाकरी खाऊन, ताट विसळून, पदराला हात पुसून कॉम्प्युटरपुढे बसायचे आणि भुकेची महती लिहायचे. ज्या चांदण्यातून मी कधीच बाहेर आले होते, त्यात या म्हणून दुसऱ्यांच्या पोरींना हाका मारत होते.

पोरी आल्या. पुण्याच्या, लातूरच्या, कुठल्या कुठल्या खेड्यांतल्या. आपापल्या उपाशी दिवसांचं लिहायच्या, एकमेकींची पाठ थोपटायच्या, आणि शेवटी ताई काय म्हणते त्याची वाट बघायच्या. ताई शाबासकी द्यायची. एकीनं लिहिलं, बहिणीच्या लग्नात मला राहवलं नाही, मी जेवले. तिला मी काय लिहिलं? ‘दमलीस ना? होतं असं. परत ये.’ किती मायेचं वाटतं वाचायला! कुठे परत ये म्हणत होते मी?

मला कळत होतं का? — कळत होतं. अगदी नीट नाही, पण ताकाला जाऊन भांडं लपवते आहे एवढं कळत होतं. आणि तरी सोडवत नव्हतं. वर्गात साठ पोरं जांभया देत माझं ऐकतात, घरात माझं बोलणं टीव्हीच्या आवाजाखाली जातं. इथे माझ्या एकेका ओळीसाठी पोरी ताटकळत होत्या.

आता कल्याणी.

आमच्या घरापासून तिसरं घर मंगलाताईंचं. त्यांची ही एकुलती एक मुलगी, तेव्हा अकरावीला, माझ्याच वर्गात. गोल चेहऱ्याची, हसली की डोळे मिटणारी. त्या श्रावणात तिनं सोळा सोमवार धरले. मंगलाताई कुंपणापाशी येऊन मला सांगायच्या, “मॅडम, आमच्या कल्याणीचा उपास लय कडक हाये बरं! मी म्हनते बाई, थोडं फराळाचं तरी घे, तं ऐकतच नाही. एवढी भक्ती कुठून आली हिच्यात, काय मालूम.” मी हसायचे. भाद्रपदापर्यंत सोमवाराला गुरुवार जोडला गेला होता, नवरात्रापर्यंत आणखी काय काय. गल्लीतल्या बायका आपल्या मुलींना तिचं उदाहरण देत होत्या.

एका माणसाच्या लक्षात आलं. शमीम आपाच्या. आपा आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिलाई करते. माहेर देऊळघाटचं, नवऱ्यामागं दोन मशिनींवर घर चालवते. तिच्याकडे मापांची एक जाड वही आहे. गल्लीतली प्रत्येक बाई-पोर तिच्यात आहे, कोण कधी बाळंतीण झाली, कोण दुखण्यातून उठली, सगळं त्या वहीत आकड्यांनी लिहिलेलं. मी ब्लाऊज आणायला गेले तर तिनं मला थांबवलं, दार लोटून घेतलं आणि वही उघडून दाखवली. “मॅडम, हे जूनमधलं माप, कॉलेजच्या ड्रेसचं. अन् हे कालचं. एका पोरीचं नाही वाटून राह्यलं मले. तिच्या मायले म्हनलं तं ती म्हनते उपास हाये. असा कोनता उपास असते हो? आमच्यातबी रोजे असतात, पन दिवस बुडाला का मानूस जेवते ना!”

मी काय म्हणाले माहीत आहे? “या वयात पोरी शिडशिडीत होतातच, आपा.”

वही बंद करताना तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला शंका आली नव्हती, बरं का. माझ्यासारखी शिकलेली बाई म्हणते म्हणजे असेल, असा विश्वास होता त्या बघण्यात. मी ब्लाऊजची पिशवी घेऊन घरी आले.

पण तोवर मला माहीत नव्हतं असं तर म्हणता येईल ना? कल्याणी आपल्या मनानंच करते आहे, तिचा माझ्या साइटशी काय संबंध? मी स्वतःला हेच सांगितलं. आठ-दहा दिवस ते टिकलं. मग वर्गात मी मुलांना निबंध वाचायला सांगितले, विषय होता ‘माझी आवडती वेळ’. कल्याणी उभी राहिली. बाकाच्या कडेला हात टेकून, सावकाश वाचत होती. दुपारच्या तासाला पंखा कुरकुरत होता, खिडकीतून सोयाबीनच्या काढणीची धूळ आत येत होती. आणि त्या धुळीतून माझं वाक्य आलं. माझं. ‘दुपार रिकामी झाली की तिच्यातून माझाच आवाज मला ऐकू येतो.’ साइटवर महिनाभरापूर्वी लिहिलेलं, शब्दाला शब्द.

आता मी त्या ठिकाणी आले, जिथे येण्यासाठी एवढी वळणं घेतली. मला भीती वाटायला हवी होती. ती नंतर आली. पहिल्यांदा — अगदी पहिल्यांदा — मला आनंद झाला. माझं वाक्य पाठ आहे हिला! इतकं जवळचं वाटलं! आनंद झाला की अंगावर मूठभर मांस चढतं म्हणतात ना आपल्यात? त्या दुपारी माझ्या अंगावर चढलं, आणि समोर जी उभी होती तिच्या अंगावरचं कुठे गेलं होतं ते मला दिसत होतं. मी म्हणाले, “छान लिहिलंयस, कल्याणी.” तिचे डोळे मिटले हसताना.

तिला त्याच दिवशी थांबवता आलं असतं. तास संपल्यावर जवळ बोलावून म्हणायचं होतं, ते लिहिणारी मी आहे, ते खोटं आहे, मी रोज दोन वेळा जेवते. तीन वाक्यं. मी मराठीची शिक्षिका, आणि मला तीन वाक्यं जुळवता आली नाहीत.

त्याच सुमारास एका डॉक्टर बाईंनी वर्तमानपत्रात लिहिलं की मराठीतसुद्धा पोरींना उपाशी राहायला शिकवणाऱ्या साइट निघाल्या आहेत, त्या बंद करा. उदाहरण म्हणून माझ्या साइटचं नाव होतं. मी पेटून उठले. आमच्या जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकात मोठा लेख लिहिला, माझ्या खऱ्या नावानं. आज भुकेवर लिहायला बंदी घालाल, उद्या प्रेमावर घालाल, परवा सरकारवर. न आवडणाऱ्या लिखाणाला उत्तर लिखाणानंच द्यायचं असतं. वाचणाऱ्याला इतकं दूधखुळं समजू नका. हा सगळा लेख म्हणजे मी बाहेरची, तत्त्वासाठी भांडणारी बाई असं सोंग होतं. कॉलेजात त्यावर चर्चा ठेवली, मी बोलले, टाळ्या पडल्या.

त्यातलं पुष्कळसं मला आजही पटतं, हीच तर पंचाईत आहे. कुणीतरी वर बसून काय लिहावं ते ठरवावं, याला मी अजूनही नाही म्हणेन. पण ज्या लिखाणाखाली नाव घालायची माझी छाती नव्हती, त्याच्यासाठी मी स्वातंत्र्य मागत होते. लिखाणाला लिखाणानं उत्तर द्या म्हणाले — आणि उत्तर ज्या एका बाईला देता आलं असतं, ती गप्प बसली होती. मी बोलण्याच्या हक्कासाठी भांडत होते ते कल्याणीशी बोलावं लागू नये म्हणून. ती त्या लेखाचं कात्रण घेऊन माझ्याकडे आली. वहीत चिकटवलं होतं. म्हणाली, “मॅडम, तुम्ही बरोबर लिहिलं. त्या साइटवरची ताई लय चांगली हाये. मी वाचते.” मी तिला पाण्याचा पेला दिला. तिनं तो हातात धरून ठेवला आणि तसाच खाली ठेवला.

दिवाळीनंतर उद्यापन झालं. सोळा जोडपी जेवायला, त्यात आम्हीही. सकाळपासून मंगलाताईंच्या घरी चुरम्यासाठी तूप कढत होतं, सगळी गल्ली त्या वासानं भरून गेली होती. अंगणात पंगत बसली. कल्याणी नवा परकर-पोलका घालून वाढत होती. तूप वाढताना तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत मागं जात होत्या. माझ्या पानापाशी वाकून ती हळूच म्हणाली, “मॅडम, पोटभर जेवा.” मी जेवले. अहो, मी खरंच जेवले. चुरमा चांगला झाला होता.

उतरत्या उन्हात पंगत धूसर दिसत होती आणि त्यातून ती फिरत होती, पाय जमिनीला न लागल्यासारखी. मी कधीकाळी लिहिलेलं सगळं माझ्यासमोर परकर-पोलक्यात चालत होतं. मग भांडं पडल्याचा आवाज आला.

बायका धावल्या. कुणी म्हणालं उपासाची भोवळ आहे, लिंबूपाणी द्या. एका म्हातारीनं चक्क हात जोडले, महादेव पावला म्हणाली. मंगलाताई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं वारा घालत होत्या. मी पानावरून उठलेसुद्धा नव्हते. शमीम आपा कल्याणीची पिको केलेली ओढणी द्यायला फाटकातून आत येत होती. तिनं एकदा पाहिलं, आणि ती ओरडली, “लिंबूपानी काय पाजता! गाडी काढा बे कोनी! पोरगी थंडी पडून राह्यली!”

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, किती दिवसांपासून जेवली नाही? मंगलाताई म्हणाल्या, फक्त सोमवार-गुरुवारचा उपास असते. मी त्यांच्या शेजारी उभी होते, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. मला ठाऊक होतं. नुसतं किती दिवस एवढंच नाही, का आणि कुणामुळे तेही. मी बोलले नाही. आपानं मुलाला पिटाळून वही मागवली आणि डॉक्टरपुढे दोन पानं उघडून धरली. आकड्यांवरून डॉक्टरला कळलं. त्याच दिवशी तिला अकोल्याला हलवलं.

कल्याणी वाचली. हृदय कमजोर झालं ते झालंच. पंचवीस वर्षांची आहे आता, रोज गोळ्या घेते, दोन जिने चढली की बसते. स्थळं येतात, गोळ्यांचं सांगितलं की जातात. मंगलाताई चारचौघांत म्हणतात की मॅडम आमच्यासोबत अकोल्यापर्यंत आल्या, सख्ख्या बहिणीनं केलं नसतं. मी खाली मान घालते.

ती अकोल्याला असताना साइटवर तिचं पत्र आलं होतं. ‘ताई, डॉक्टर विचारतात मोबाइलवर काय वाचत होती. मी तुमचं नाव सांगितलं नाही. तुम्ही घाबरू नका. तुम्ही बऱ्या आहात ना? तुम्ही जेवता का ताई?’

मी ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं. आणि अर्ध्या तासात सगळी साइट पुसून टाकली. तिच्यासाठी? नाही. दुसऱ्या पोरींसाठी? नाही. सापडू नये म्हणून. त्या सगळ्या पोरींना एक ओळ लिहिता आली असती, की जेवा गं बायांनो, मी खोटं बोलले. तीही लिहिली नाही. त्यांतल्या किती जणी कुठे आहेत, आहेत की नाहीत, मला माहीत नाही. आणि कल्याणीला उत्तर दिलं नाही.

या गेल्या भाद्रपदात, सर्वपित्री अमावास्येला, मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. कल्याणी तिच्या गच्चीवर केळीचं पान घेऊन आली. तिनं मला हाक मारली, म्हणून मी त्यांच्याकडे गेले. जिना चढून दम लागला होता, म्हणून ती टाकीला टेकून बसली होती. म्हणाली, मॅडम, आईनं घरच्यांचं पान ठेवलं, हे माझं वेगळं आहे. मग तिनं सांगितलं. ती साइटवाली ताई तेव्हाच गेली असणार. नाहीतर तिनं उत्तर दिलंच असतं, इतकी मायाळू होती. उपाशीच गेली असेल बिचारी, मागं कुणी होतं की नाही कुणास ठाऊक. म्हणून कल्याणी दर वर्षी तिच्या नावानं पान ठेवते. ताई गेली असं वाटलं तेव्हा ती फार घाबरली होती, आणि त्या भीतीनंच पहिला घास घेतला होता, असंही म्हणाली. पान ठेवते, पण कावळा शिवत नाही. दर वर्षी तासन्‌तास बसते, शेवटी गाईला घालते.

“तिच्या आवडीचं नसंल काही,” ती म्हणाली. “तुम्हाले काय वाटते मॅडम, काय आवडत असंल तिले?”

मला तिथे सांगायचं होतं. आता तर फक्त आम्ही दोघीच होतो. मी तोंड उघडलं.

“पातोडीचा रस्सा,” मी म्हणाले. “झणझणीत. अन् ज्वारीची भाकर.”

तिनं विचारलंसुद्धा नाही मला कसं ठाऊक. उठली, जिना उतरली, खाली जाऊन बेसन भिजवलं. तासाभरानं दम खात खात वर आली, पानावर रस्सा वाढला, भाकरीचा तुकडा मोडून ठेवला आणि मागं सरकली. कावळा लगेच आला. अगदी लगेच. कल्याणीनं हात जोडले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, इतकं की मला तिला धरावं लागलं.

“जेवली ताई,” ती म्हणाली. “मॅडम, जेवली ना?”

मी हो म्हणाले.